सुईच्या उजव्या हाताला

गोधडी शिवायला मशीन हवंय असं दुकानात सांगितलं, की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या मागे बघतो. मागे कुणीतरी समजूतदार माणूस उभं असेल आणि खरं काय हवंय ते सांगेल, अशी त्याला आशा असते. माझ्या मागे नवरा होता. रविवार पेठेत जिथे गाडी लावली होती तिथून ती उचलून नेतात की काय, या काळजीने तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्या शेजारी सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "गोधडी मी हातानेच शिवते हो. हिचं काहीतरी वेगळं आहे."

तिथून पुढे दुकानदार जे काही बोलला, ते सासूबाईंशी बोलला.

हिचं वेगळं आहे ते असं. आपल्याकडे गोधडी म्हणजे फाटण्याच्या पुढची पायरी. लुगडं विरलं, धोतर जीर्ण झालं, चादरीला मधोमध भोक पडलं, की ते सगळं एकावर एक अंथरायचं, वरून त्यातल्या त्यात धड असलेलं नऊवारी घालायचं आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळाच्या वाट्याला दुपटं येतं. लागणारं सामान म्हणजे सुई, दोरा, उन्हाळ्यातल्या दुपारी, आणि शेजारणींबद्दल बोलायला दुसऱ्या शेजारणी. पैसे लागत नाहीत, त्यामुळे घरातल्या पुरुषांनी या विषयात कधी मत दिलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर जे शिकले, त्याला क्विल्टिंग म्हणतात. त्यात नवंकोरं सुती कापड विकत आणायचं. ते धुवायचं, इस्त्री करायचं आणि फिरत्या पात्याच्या कटरने त्याचे अडीच-अडीच इंचांचे तुकडे करायचे. मग ते तुकडे पाव इंचाची शिवण ठेवून एकमेकांना जोडायचे, की कापड तयार होतं. हे मी सासूबाईंना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कापड तर आधीच होतं ना?"

मग मी त्यांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीची गोष्ट सांगितली. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. सासूबाईंना झिजलेले कपडे पटले. तिकिटंही पटली. भिंत काही पटली नाही. "मग पांघरलं काय त्यांनी?"

बरं, घरात मशीन नाही असंही नाही. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, खाली लोखंडी पायडलाचं, सासूबाईंना आंदण म्हणून मिळालेलं मशीन खिडकीशी उभं आहे. या घरातले सगळे परकर, उशांचे अभ्रे आणि नवऱ्याची पहिली चड्डी त्याच्यावर शिवली गेली. "याला काय झालंय?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला. ज्याने जन्मात सुई ओवलेली नाही, त्याने दोनदा विचारला.

त्याला काहीही झालेलं नाही. अडचण गोधडीची आहे. क्विल्टचे थर तीन: वर जोडकाम, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर. मशीनच्या पाटावर जे दात असतात ते कापड पुढे सरकवतात, पण त्यांची पकड फक्त खालच्या थरावर. वरचा थर फुटाखाली अडून रेंगाळतो, मधला कापूस कुणाचं ऐकावं याचा विचार करत बसतो, आणि टीप संपते तेव्हा अस्तर टोकाला पोचलेलं असतं आणि वरचं कापड बोटभर उरलेलं असतं. यावर वॉकिंग फूट नावाचा उपाय आहे. या फुटाला स्वतःचे दात असतात आणि त्याचा एक चिमटा सुई आवळायच्या स्क्रूवर बसतो. सुई वर-खाली झाली की हे वरचे दातही चालतात आणि वरच्या थराला खालच्याच्या बरोबरीने पुढे नेतात. हा फूट पुष्कळशा जुन्या मशीनांनाही बसतो. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मग झालं तर!" आणि पेपर उघडला.

झालं नाही. खरी अडचण जागेची आहे.

मशीनची सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये एक पोकळी असते. घरगुती मशीनवर ती सहा-सात इंचांची. ब्लाउज शिवणारीला एवढी पुरून उरते, कारण तिचं बहुतेक कापड सुईच्या डाव्या हाताला सुखाने लोंबत असतं. डबलबेडची गोधडी मात्र नव्वद बाय शंभर इंचांची. तिच्या मधोमध टीप मारायची, तर अर्धी गोधडी सुईच्या डावीकडे आणि उरलेली अर्धी, म्हणजे पंचेचाळीस इंच कापूस भरलेलं कापड, गुंडाळी करून त्या सहा इंचांतून आरपार न्यावं लागतं. गुंडाळी कशीबशी जाते. मग आपला हातही आत जायला हवा असतो.

तर मला हवं होतं ते एवढंच: एक सरळ टाका, आणि सुईच्या उजव्या हाताला मोकळी जागा. बाजारात या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं मिळतं.

दुकानदाराने पहिलं मशीन पुढे ओढलं. "आजी, हे बघा. एकवीस टाके." मग दुसरं. "हे साठ." मग त्याने हात पुसले, वरचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं आणि आवाज खाली आणला. "आणि हे दोनशे." मी पर्समधून टेप काढून सुईपासून खांबापर्यंतचं अंतर मोजलं. असं काही मोजणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नसावं. त्याने नोकराला "चहा सांग" म्हटलं. एवढ्यात त्याचं बोट एका बटणावर पडलं आणि पॉपलिनच्या पांढऱ्या पट्टीवर एकामागून एक बदकं निघाली.

सासूबाई खुर्चीतून उठल्या.

ज्या बाईने सारा जन्म एका धावदोऱ्यावर काढला, जिच्या टाक्यांवरून पट्टी ठेवून रेघ मारता येईल, ती माझी बाजू घेईल असं मी धरून चालले होते. साधेपणा, परंपरा, हाताचं काम वगैरे. त्यांनी बदकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आणखी काय काय करतं हे?" फुलं करतं, पानं करतं, शंकरपाळे करतं, बदामाचा आकार करतं. इंग्रजी अक्षरंही काढतं. हे ऐकून नवऱ्याने रस्त्याकडची मान वळवली. "मराठी काढतं का?" काढत नव्हतं. तो परत गाडीकडे वळला. सासूबाई मात्र तिथेच होत्या. "हेच घे," त्या मला म्हणाल्या. "गोधडीला चारी बाजूंनी बदकं लावू."

दोनशे टाक्यांच्या मशीनबद्दल माझं मत असं आहे की त्यातला एक सरळ टाका, एक झिगझॅग आणि काजं ही घरासाठी असतात. उरलेले एकशे सत्त्याण्णव पाहुण्यांसाठी. पहिल्या महिन्यात येईल त्या पाहुण्याच्या रुमालावर नाव काढून मिळतं. दुसऱ्या महिन्यापासून रुमालाचं माणूस येत नाही. काजांवरून तर आमच्याकडे रीतसर चर्चा झाली. नवरा म्हणाला, "हे एका बटणात काज करतं म्हणे." मी म्हटलं, "गोधडीला काजं नसतात." "पण पुढेमागे शर्ट शिवले तर?" "कोण शिवणार शर्ट?" "आपण." या 'आपण'मध्ये तो किती आहे हे मला लग्नापासून माहीत आहे.

खरं तर एका सरळ टाक्यासाठीच माणसाने इतकं रामायण केलेलं आहे की बदकांपर्यंत पोचायची गरज नाही. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, म्हणून तिला दर टाक्याला कापडाच्या पार जाऊन परत यावं लागतं. ते नेढं पुढे, अणीपाशी आणलं, की सुई खाली जाते, दोऱ्याचा एक फास सोडते आणि वर येते. खालच्या बॉबिनचा दोरा त्या फासातून निघतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. अशा मशीनचं पेटंट एलायस हाऊ या अमेरिकनाने १८४६ साली घेतलं. त्याच्या आधी फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने साखळीटाक्याची मशीनं करून सैन्याचे गणवेश शिवायला घेतले होते. १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यात घुसून ती मोडून टाकली. म्हणजे नवं मशीन आणायचं म्हटलं की घरात विरोध होतो, याला मोठा इतिहास आहे.

मग आला आयझॅक सिंगर. त्याचं पेटंट १८५१ चं. त्याचं मशीन उत्तमच होतं, पण त्याच्या कंपनीची खरी करामत म्हणजे हप्ते. थोडे पैसे आज द्या, मशीन घरी न्या, उरलेले महिन्याच्या महिन्याला भरा. हे १८५६ च्या सुमाराचं. आज कुठल्याही दुकानात "ईएमआय करून देतो ना मॅडम" असं जे ऐकू येतं, त्याचं घराणं असं शिवणाच्या मशीनला जाऊन भिडतं.

यंत्रांबद्दल गांधीजींची मतं आपल्याला साधारण पाठ असतात. पण १९२४ साली शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना या विषयावर छेडलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या मशीनला सूट दिली. बायको हाताने टाके घालून घालून दमते हे सिंगरला बघवेना, आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचं चरित्र काही त्यांच्यासमोर आलेलं नसावं. हा गृहस्थ मुळात फिरत्या नाटकमंडळीतला नट. एकाच शहरात वेगवेगळ्या नावांनी संसार थाटणारा, वीसहून जास्त मुलांचा बाप. त्यातल्या नेमक्या कुठल्या बाईचे कष्ट त्याला बघवले नाहीत, हे सांगणं अवघड आहे. इतक्या पोरांचे कपडे शिवायचे तर मशीन लागणारच, हे मात्र मान्य करावं लागेल. रामचंद्रनही हुशार निघाला. त्याने लगेच विचारलं की ही मशीनं बनवायला कारखाना लागेल, आणि त्या कारखान्यात विजेवरची यंत्रं लागतील, त्याचं काय? गांधीजींनी ते कबूल केलं आणि असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत म्हणून सांगितलं.

सरकारने कारखाने घेतले नाहीत, पण मशीनं वाटायला घेतली. आपल्याकडे शिलाई मशीन ही नुसती वस्तू नाही, ती योजना आहे. पंचायतीपासून आमदार-खासदारांपर्यंत सगळे 'महिलांना मशीन वाटप' करतात. २०२३ पासूनच्या विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांच्या यादीतही शिलाई मशीन आहे. अपक्ष उमेदवार ते घेऊन उभे राहतात. आपण त्यांना, "सुईच्या उजवीकडे किती इंच?" असं विचारू शकत नाही, एवढंच.

पुढचे काही आठवडे सल्ल्यांचे होते. न्यूजर्सीच्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, कशाला तिकडे घेतेस? इकडे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतं, मी डिसेंबरात घेऊन येते." तिचा जीव मोठा आहे, पण तिथल्या भिंतीत एकशेवीस व्होल्ट असतात आणि आपल्या भिंतीत दोनशे तीस. मध्ये ट्रान्सफॉर्मर न बसवता लावलं, तर त्या मशीनची पहिली टीप आणि शेवटची टीप एकच ठरते. ती असंही म्हणाली की तिच्याजवळच्या पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर म्हणून भाग आहे, तिथले आमिश लोक गोधड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत आणि ते घरात सरकारी तारेची वीजच घेत नाहीत. तुकडे पायमशीनवर जोडतात आणि वरची नक्षी हाताने टाचतात. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी खिडकीतल्या काळ्या मशीनकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "त्यांना बिचाऱ्यांना बदकं माहीत नसतील."

गल्लीच्या तोंडाशी पिको-फॉल करणारे काका बसतात. त्यांचा सल्ला एका वाक्यात होता. "ताई, सरळ कारखान्याचं मशीन घ्या." कारखान्याचं मशीन म्हणजे शर्टांच्या युनिटमध्ये ओळीने असतात ती. टाका एकच, सरळ. सुईच्या उजवीकडे चांगली दहा इंचांच्या आसपास जागा. मी हरखले. वेग मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत. या वेगाने गोधडी हातातून सुटली तर थेट बाल्कनीत सापडेल, असं मी म्हटलं. काका म्हणाले, सर्वो मोटर बसवा, मग पाहिजे तेवढं हळू चालतं. किंमतही बदकवाल्या मशीनपेक्षा कमी. सगळं जुळलं होतं. मग ते म्हणाले, "फक्त टेबल त्याचं त्याला लागतं. चार फुटी. मोटर खाली असते, तेलाचं तबकही खालीच. उचलून ठेवायचं काम नाही."

नवऱ्याने बेडरूम मोजली. टेबल बसत होतं. त्यानंतर कपाट उघडायचं नाही, एवढीच अट होती.

मग त्याने एक्सेल केलं. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला घरात कुठलाही प्रश्न निर्माण झाला की तो त्याचे रकाने पाडतो. किंमत, वजन, वॅट, वॉरंटी, दुरुस्ती कुठे. लुधियानात बनलेलं की जपानी-तैवानी. इथवर ठीक होतं. शेवटचा रकाना त्याने स्वतःच्या बुद्धीने घातला होता: रुपये प्रति टाका. त्यात दोनशे टाक्यांचं मशीन सगळ्यात स्वस्त ठरत होतं. एका टाक्याला जेमतेम दीड-दोनशे रुपये. आणि मी ज्याच्यावर खूण करून ठेवली होती, ते फक्त सरळ टाका घालणारं मशीन? त्याची पूर्ण किंमत एकाच टाक्याच्या डोक्यावर. आकडा मावेना म्हणून त्याला रकाना रुंद करावा लागला. "हे गणित बघ तूच," तो म्हणाला. मी म्हटलं, "रुपये प्रति इंच, सुईच्या उजवीकडचा, असा रकाना घाल." तो म्हणाला, "असा काही निकष नसतो." सासूबाई म्हणाल्या, "बदकं किती रुपयांना पडतात?"

घेणाऱ्या बायकांना एक सांगते. दुकानात मशीन बघायला जाताना आपले थर आपण घेऊन जावं. दुकानात जे चालवून दाखवतात ते कडक पॉपलिनच्या एका पदरावर, आणि एका पदरावर जगातलं कुठलंही मशीन सुंदर चालतं. मी जोडकाम, कापूस आणि अस्तर असा वीतभर तुकडा करून पिशवीत ठेवला होता. मुद्दाम चार शिवणी एका ठिकाणी येतील असा, म्हणजे तिथे कापडाचा छोटा डोंगर होतो. दुकानदार तो तुकडा उलटसुलट करून बघतात, "एवढं जाड कशाला शिवता?" म्हणतात, आणि चौदा नंबरची सुई काढून सोळा नंबरची घालतात. डोंगर आला की काही मशीनं कण्हतात. काही थांबून राहतात. एका मशीनने पडद्यावर इंग्रजीत सूचना दिली आणि विषय संपवला.

दुसरी परीक्षा दात खाली बसवण्याची. क्विल्टिंगमधली वेलबुट्टी काढताना मशीनचे दात खाली उतरवून ठेवतात आणि कापड आपण दोन्ही हातांनी फिरवतो. सुई आपल्या जागी नाचत असते. टाका लहान की मोठा, हे हात किती भराभर सरकतात त्यावर ठरतं. पायाचा वेग आणि हातांचा वेग जमला पाहिजे. एका दुकानात मी अशी एक वेल काढून दाखवली. दुकानदाराने आदराने विचारलं, "सही केलीत का?" तशीच दिसत होती. माझ्या बँकेने ती मान्य केली नसती.

दुरुस्तीवाल्याला आधी गाठून ठेवणंही महत्त्वाचं. आमच्या भागात कापडी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि तेलाची बाटली घेऊन फिरणारे एक मामा आहेत. काळ्या मशीनचा आवाज ते जिन्यातून ऐकतात आणि दारातच "शटलमध्ये दोरा अडकलाय" म्हणून सांगतात. मी त्यांना मोबाइलवर पडद्याच्या मशीनचं चित्र दाखवलं. मामांनी मोबाइल लांब धरून बघितला, चष्मा काढून परत बघितला. "वहिनी, याला काही झालं तर मला बोलवा," ते म्हणाले. "मी येईन. बघेन. पण हात लावणार नाही." मग मी सरळ टाक्याच्या मशीनचं चित्र पुढे केलं: धातूचं अंग, पडदा नाही, बाजूला नेहमीचं चाक. मामांचा चेहरा उजळला. "हे आपल्यातलं आहे."

शेवटी तेच घेतलं. टाका एक. पुढे जातो आणि मागे येतो. गुडघ्याने फूट उचलायची दांडी, म्हणजे दोन्ही हात गोधडीवर राहतात. दात उतरवायचं बटण. वॉकिंग फूट, पाव इंचाचा फूट, वेलबुट्टीचा उड्या मारणारा फूट. आणि सुईच्या उजव्या हाताला साडेआठ इंच. पैसे देताना दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, एवढ्यात तर तुम्हाला दोनशे टाके आले असते." पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला, म्हणून बरं वाटलं. नवऱ्याने कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पिन टाकायच्या आधी क्षणभर थांबला. त्याच्या डोळ्यांपुढे तो रुंद केलेला रकाना आला असणार. सासूबाई दुकानाच्या त्या टोकाला होत्या. नोकराकडून त्या पॉपलिनच्या पट्टीवर आणखी बदकं काढून घेत होत्या. निघताना ती पट्टी त्यांनी घडी करून कमरेला खोचली.

मशीन घरी आलं, थर्मोकोलातून निघालं, जेवणाच्या टेबलावर बसलं. आणि मग कळलं की साडेआठ इंचांनी प्रश्न अर्धाच सुटतो. मशीनचा पाट टेबलापासून चार-पाच इंच उंच असतो. गोधडी त्या उंबरठ्यावरून खाली लोंबते, तिचं सगळं वजन सुईला ओढतं आणि टाके लहानमोठे येतात. यावर जगभरच्या क्विल्टवाल्या बायकांनी शोधलेला उपाय एकच आहे. टेबलाला मशीनच्या मापाचं भोक पाडायचं आणि मशीन त्यात उतरवायचं, म्हणजे पाट आणि टेबल एका पातळीत येतात आणि शंभर इंचांची गोधडी ऐसपैस पसरते.

आमच्याकडे एवढं मोठं टेबल एकच आहे. सागवानी, सहा माणसांचं.

मी हे जेवताना सांगितलं, कारण सगळे टेबलाशी होते. नवऱ्याने ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग, रकान्यांचा माणूस असल्यामुळे, त्याने भोक कुठे पाडायचं हा वेगळा विषय आहे म्हणून सांगितलं. त्याच्या जागी नको, कारण तिथून टीव्ही दिसतो. माझ्या जागी नको, कारण तिथून स्वयंपाकघर जवळ. मुलाच्या जागी तो बंगलोरहून आला की बसतो. पाहुण्यांच्या जागी पाडलं तर पाहुणे काय म्हणतील. असं करत करत आम्ही सासूबाईंच्या जागेपाशी आलो आणि गप्प बसलो.

सासूबाईंनी आमटी वाढून घेतली. "माझ्या जागी पाडा," त्या म्हणाल्या. "मी खाली पाटावर बसून जेवेन. मला सवय आहे. पण मग बदकांचं मशीनही आणायचं. ते मी शेजारी ठेवीन."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने टेबलावरून हात फिरवला, लाकूड चांगलं आहे म्हणाला, मशीनची लांबी-रुंदी घेतली, सासूबाईंचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि कानामागची पेन्सिल काढून मला विचारलं, "मग भोकं किती धरू, एक की दोन?"